मेंदूतील विरळणी

मूल वाढते म्हणजे त्याच्यात दिवसेंदिवस भर पडत जाते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. उंची वाढते, वजन वाढते, शब्द वाढतात, पाढे वाढतात. तेव्हा डोक्याच्या आतही काहीतरी वाढतच असले पाहिजे, हे आपण गृहीत धरतो. शिक्षकाच्या बोलण्यात तर ही समजूत पुरती मुरलेली आहे. 'डोक्यात भरवणे', 'डोक्यात शिरणे', 'डोक्यात राहणे' हे सारे वाक्प्रचार मेंदूला कोठार मानूनच बनलेले आहेत. परंतु गेल्या साठ-सत्तर वर्षांतील संशोधनाने या समजुतीला विलक्षण कलाटणी दिली आहे. दोन वर्षांच्या मुलाच्या मेंदूच्या पुढच्या भागात मज्जापेशींना परस्परांशी जोडणारे सांधे जितके दाट असतात, तितके ते त्याच्या शिक्षकाच्या मेंदूत नसतात. मधल्या काळात त्यांतील पुष्कळ नाहीसे झालेले असतात, आणि हे नाहीसे होणे हा रोग नसून वाढीचाच एक भाग आहे. कोणता सांधा राहावा व कोणता जावा हे कसे ठरते, आणि जो राहतो तो टिकतो कसा, याचा विचार येथे करावयाचा आहे. इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद येथे परभाषेच्या शेजारात मराठी शिकविणाऱ्यांना या विषयात आणखी एका कारणाने रस वाटेल. त्याकडे लेखाच्या उत्तरार्धात वळू.

मेंदूत मज्जापेशी किती, याविषयी फार दिवस केवळ अंदाज चालत असत. २००९ मध्ये ब्राझीलमधील संशोधकांनी केलेल्या मोजणीप्रमाणे प्रौढ माणसाच्या मेंदूत त्या सुमारे ८,६०० कोटी असतात. प्रत्येक पेशीला झाडासारखा फांद्यांचा विस्तार असतो आणि एक लांब तंतू असतो. हा तंतू दुसऱ्या पेशीपाशी जाऊन थांबतो. तिला तो चिकटत नाही. या दोहोंमधील फट इतकी अरुंद असते की, एका मिलिमीटरचे पन्नास हजार भाग केले तर त्यांतील एका भागाएवढी ती भरेल. एका बाजूने रासायनिक द्रव्य सुटते, फट ओलांडते आणि पलीकडच्या पेशीला संदेश पोचतो. या जागेला शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये 'सायनॅप्स' हे नाव दिले. आपण तिला सांधा म्हणू. मात्र या सांध्यात फट असते, हे ध्यानात ठेवावे. ती फट आहे की नाही यावरच एकेकाळी मोठा वाद झाला होता. इटलीतील गॉल्जी यांनी १८७३ मध्ये मज्जापेशी रंगविण्याची युक्ती शोधली, आणि स्पेनमधील काहाल यांनी तीच युक्ती वापरून प्रत्येक पेशी स्वतंत्र असल्याचे दाखविले. गॉल्जींना ते अखेरपर्यंत पटले नाही. १९०६ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले, तेव्हा गॉल्जींनी आपल्या भाषणात सहविजेत्याच्याच सिद्धान्ताचे खंडन मांडले! १९५० नंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ती फट प्रत्यक्ष दाखविली आणि वाद मिटला.

सांधे मोजण्याचे चिकाटीचे काम पीटर हुटनलोखर यांनी केले. हे शिकागो येथील बालकांच्या मज्जाविकारांचे वैद्य. नवजात अर्भकापासून नव्वद वर्षांच्या वृद्धापर्यंत २१ निरोगी मेंदूंचे, मृत्यूनंतर मिळालेले नमुने त्यांनी घेतले, मेंदूच्या पुढच्या भागातील एका ठरावीक थराचे पातळ काप केले आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक सांधा मोजला. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातील आकडे आजही वाचण्यासारखे आहेत. सोळा ते बहात्तर या वयांत सांध्यांची घनता जवळजवळ स्थिर असते: एका घन मिलिमीटरमध्ये सुमारे ११० कोटी. आश्चर्य असे की, नुकत्याच जन्मलेल्या बालकातही ती प्रौढाइतकीच आढळली. तेथून ती वाढत जाऊन पहिल्या व दुसऱ्या वर्षाच्या दरम्यान प्रौढाच्या दीडपट होते, आणि पुढे दोन ते सोळा या वयांत हळूहळू उतरते. म्हणजे आपण ज्याला शालेय वय म्हणतो, ते सारेच या उतरणीचे वय आहे.

मेंदूच्या सर्व भागांचे वेळापत्रक मात्र एक नाही. डोळ्यांकडून येणारे संदेश जेथे पोचतात त्या मागच्या भागात सांध्यांची गर्दी दोन ते चार महिन्यांच्या सुमारास झपाट्याने वाढते व आठव्या महिन्याच्या आसपास कळसाला जाते. ऐकण्याच्या भागातही हा कळस लवकर येतो. विवेक, संयम, पुढचा बेत आखणे या गोष्टींशी ज्याचा संबंध जोडला जातो तो पुढचा भाग सर्वांत सावकाश चालतो. झाग्रेब व येल येथील संशोधकांनी २०११ मध्ये दाखविल्याप्रमाणे तेथील विरळ होण्याची क्रिया विशी ओलांडून पुढेही चालू राहते. महाविद्यालयातील विद्यार्थी पूर्ण झालेला मेंदू घेऊन वर्गात बसलेला नसतो, हे प्राध्यापकांनी मनात ठेवावे. हे आकडे वाचताना एक सावधगिरी हवी. एकाच मुलाच्या मेंदूतील सांधे वर्षानुवर्षे मोजता येत नाहीत. ही चढण-उतरण निरनिराळ्या मेंदूंच्या मोजणीवरून जुळविलेली आहे.

इंग्रजीत या क्रियेला बागेतील छाटणीचा शब्द लावलेला आहे, आणि मराठीतही 'छाटणी' रूढ होऊ पाहत आहे. मला तो शब्द पुरता पटत नाही. नाशिककडचा द्राक्षबागाईतदार छाटणी करतो ती झाडाला वळण लावण्यासाठी. कोणती काडी ठेवावयाची हे त्याच्या मनात आधीच ठरलेले असते. मेंदूत जे घडते त्याला आपल्या जिरायती शेतातील दुसरा शब्द अधिक जवळचा आहे, तो म्हणजे विरळणी. ज्वारी-बाजरीचे बी शेतकरी थोडे दाटच पेरतो, कारण उगवण किती होईल याचा भरवसा नसतो. रोपे वर आली की दाट जागेतील जादा रोपे उपटून टाकतो, म्हणजे उरलेल्यांना ओल आणि खत पुरते. आधी मुद्दाम जादा निर्माण करणे आणि मग त्यांतून थोडी राखणे हा विचार या शब्दात आहे. उणे इतकेच की, शेतात उपटणारा हात बाहेरचा असतो. मेंदूत रोपांची आपापसांतली चढाओढच कोण राहणार ते ठरविते.

ही चढाओढ प्रथम स्पष्ट दिसली ती स्नायूंत. जन्मलेल्या उंदराच्या पिलाच्या एकेका स्नायुतंतूवर अनेक मज्जापेशींचे तंतू येऊन टेकलेले असतात. दोन आठवड्यांच्या आत एक उरतो, बाकीचे मागे सरतात. एकही न उरला असे सहसा होत नाही, आणि दोन उरले असेही होत नाही. हाच प्रकार लहान मेंदूतील मोठ्या पेशींच्या बाबतीत आढळतो. अनेक दावेदार आणि जागा एक, असा हा मामला आहे.

परंतु या विषयातील सर्वांत बोधप्रद प्रयोग डोळ्यांचे आहेत. हार्वर्ड विद्यापीठातील ह्यूबेल आणि वीझेल यांनी १९६३ पासून मांजराच्या पिलांवर ते केले आणि १९८१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. पिलाच्या एका डोळ्याची पापणी शिवून काही आठवडे बंद ठेवली आणि मग उघडली. डोळा निकोप होता. भिंग, पडदा सारे जागच्या जागी होते. तरीही त्या डोळ्याने पिलाला जवळजवळ दिसेना. मेंदूतील ज्या पेशी एरवी बहुसंख्येने दोन्ही डोळ्यांना उत्तर देतात, त्या आता केवळ उघड्या राहिलेल्या डोळ्यालाच उत्तर देत होत्या. प्रौढ मांजराचा डोळा याहून कितीतरी जास्त दिवस बंद ठेवला, तरी असा परिणाम झाला नाही. येथपर्यंतचा निष्कर्ष सोपा वाटतो: जे वापरले नाही ते गेले. पण दोघांनी आणखी एक प्रश्न विचारला, आणि त्यातच त्यांचे मोठेपण आहे. दोन्ही डोळे बंद ठेवले तर? न वापरणे हेच कारण असेल तर नुकसान दुप्पट व्हावयास हवे. १९६५ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेले निरीक्षण नेमके उलट होते: दोन्ही डोळे मिटलेल्या पिलांच्या मेंदूतील बऱ्याच पेशी डोळ्यांना उत्तर देत राहिल्या होत्या. एका डोळ्याची जागा गेली ती तो निष्क्रिय होता एवढ्याने गेली नाही. शेजारी दुसरा सक्रिय असल्यामुळे गेली. पुढे १९९३ मध्ये अँटोनिनी व स्ट्रायकर यांनी दाखविले की, पिलाचा डोळा मिटल्यानंतर सहा-सात दिवसांतच त्या डोळ्याकडून आलेल्या तंतूंच्या फांद्या मेंदूत आखडू लागतात.

वर्गात याचा प्रत्यक्ष संबंध येतो. ज्याला लोक 'आळशी डोळा' म्हणतात तो विकार याच जातीचा आहे. तिरळेपणामुळे किंवा एका डोळ्याचा नंबर फार वेगळा असल्यामुळे मेंदू एकाच डोळ्याचे ऐकू लागतो. उपाय म्हणजे चष्मा, आणि चांगला डोळा रोज काही वेळ झाकणे, म्हणजे दुबळ्या दावेदाराला संधी देणे. लहान वयात हा उपाय अधिक लागू पडतो. एक डोळा चांगला असल्यामुळे मूल तक्रार करीत नाही; म्हणून शिक्षकाचे लक्ष येथे फार मोलाचे.

तथापि 'वय गेले की दार बंद' असे म्हणणेही धाडसाचे आहे, हे आपल्याच देशातील कामाने दाखविले. पवन सिन्हा यांनी २००५ च्या सुमारास दिल्लीत 'प्रोजेक्ट प्रकाश' हा उपक्रम सुरू केला. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या आणि गरिबीमुळे वर्षानुवर्षे अंध राहिलेल्या मुलांवर त्यात शस्त्रक्रिया होतात. दृष्टीची तीक्ष्णता अशा मुलांना पूर्णपणे मिळत नाही. परंतु आठ-दहा वर्षे अंधारात काढलेली मुलेही वस्तू, चेहरे ओळखण्यास बऱ्याच अंशी शिकतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, हाताने चाचपलेली वस्तू नजरेने ओळखणे अशा पाच मुलांना शस्त्रक्रियेनंतर लगेच जमले नाही, पण पुढे त्यांतील ज्यांची पुन्हा परीक्षा घेता आली त्यांना ते काही दिवसांतच जमू लागले. मांजराच्या पिलावरून काढलेला नियम माणसाच्या मुलाला जसाच्या तसा लावू नये, असे मला वाटते ते यामुळेच.

हरलेला सांधा जातो कोठे? मेंदूत मज्जापेशींखेरीज इतर पेशीही असतात. त्यांतील सूक्ष्म, फांद्याळ अशा एका जातीला स्पेनच्याच रिओ ऑर्तेगा यांनी १९१९ मध्ये मायक्रोग्लिया हे नाव दिले. मेंदूला इजा झाली की धावून जाणारे पहारेकरी एवढीच त्यांची ख्याती होती. २००५ मध्ये जिवंत उंदराच्या मेंदूत त्यांना पाहिले गेले, तेव्हा कळले की स्वस्थ मेंदूतही त्या आपल्या बारीक भुजा सतत हलवीत आसपास चाचपत असतात. पुढे बेथ स्टीव्हन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ आणि २०१२ मध्ये दाखविले की, शरीर जंतूंवर 'हा नष्ट करा' अशी खूण करण्यासाठी जी प्रथिने वापरते, तीच प्रथिने डोळ्यांच्या मार्गावरील काही सांध्यांवरही बसतात, आणि मायक्रोग्लिया ते सांधे गिळतात. ही प्रथिने नसलेल्या उंदरांत विरळणी अपुरी राहते. 'मला खाऊ नको' असे सांगणारी उलट खूणही २०१८ मध्ये आढळली. ॲस्ट्रोसाइट नावाच्या दुसऱ्या पेशीही सांधे गिळण्यात भाग घेतात.

ही यंत्रणा बिघडली तर काय, हा प्रश्न ओघानेच येतो. छिन्नमनस्कता हा मनोविकार बहुधा ऐन तारुण्यात, म्हणजे पुढच्या मेंदूतील विरळणी चालू असतानाच प्रकट होतो. यावरून १९८२ मध्ये फाइनबर्ग यांनी, ही क्रिया या रोग्यांत प्रमाणाबाहेर जात असावी, असा तर्क मांडला. २०१६ मध्ये सुमारे ६५,००० व्यक्तींच्या आनुवंशिक माहितीच्या अभ्यासात त्याच खुणेच्या प्रथिनांपैकी एकाच्या विशिष्ट प्रकाराशी या रोगाचा संबंध आढळला. त्या प्रकाराने धोका वाढतो तो थोडाच, आणि ते बाळगणारी बहुसंख्य माणसे निरोगी असतात. तर्काला बळ मिळाले, एवढेच येथे म्हणता येईल.

आता राहिलेल्या सांध्यांविषयी. ते एकदा बसले की दगडी बांधकामासारखे राहतात, असे नाही. सांधा ज्या प्रथिनांचा बनलेला असतो त्यांतील बहुतेक थोड्या दिवसांत झिजून बदलली जातात. चिऱ्यांमागून चिरे बदलत असताना वाडा मात्र उभा असतो. ज्या सांध्यातून संदेश पुनःपुन्हा जातो तो बळकट होतो, हे ब्लिस व लोमो यांनी १९७३ मध्ये सशांच्या मेंदूत दाखविले. नवे सांधे प्रौढपणीही होतच असतात. उंदरांना फिरत्या दांड्यावर तोल सांभाळण्याची कसरत शिकविली असता दोनच दिवसांत त्यांच्या मेंदूत नवे अंकुर फुटले. त्यांतील बहुतेक पुढे जिरून गेले. परंतु थोडे महिनोन्महिने टिकले, आणि कसरत चांगली शिकलेल्यांत ते अधिक टिकले, असे न्यूयॉर्कमधील एका प्रयोगशाळेने २००९ मध्ये नोंदविले. म्हणजे विरळणी बालपणापुरती नाही. प्रत्येक शिकण्यामागे पेरणी आणि विरळणी लहान प्रमाणावर पुन्हा होते. झोपेचाही यात हात दिसतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत, झोपून उठलेल्या उंदरांच्या सांध्यांचा आकार जागरण झालेल्यांपेक्षा सरासरी १८ टक्क्यांनी लहान भरला, आणि सर्वांत मोठे सांधे मात्र तसेच राहिले. दिवसभर वाढलेला पसारा रात्री आवरला जातो, असा याचा अर्थ संशोधक लावतात. सर्वांनाच तो मान्य नाही. या साऱ्या देखभालीला खर्चही मोठा येतो. प्रौढाचा मेंदू शरीराच्या वजनाच्या २ टक्के असून एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के खातो, आणि पाच वर्षांच्या सुमारास मुलाच्या रोजच्या ऊर्जेपैकी ४० टक्क्यांहून अधिक ऊर्जा एकट्या मेंदूकडे जाते. या वयात शरीराची वाढ मंदावते, ती का, हे यावरून उमगते.

प्रारंभी ज्या कारणाचा उल्लेख केला ते भाषेचे. मराठी कानाला 'ताक' आणि 'टाक' यांतील भेद इतका उघड वाटतो की, तो कोणाला ऐकू येणार नाही हे खरेच वाटत नाही. इंग्रजी भाषकाला तो ऐकू येणे कठीण जाते. १९८४ मध्ये जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस यांनी कॅनडात इंग्रजी घरांतील तान्ह्या मुलांना हिंदीतील दंत्य 'त' आणि मूर्धन्य 'ट' ऐकविले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक सर्व बालकांना भेद कळला. दहा ते बारा महिन्यांच्या बालकांत तो कळणारे क्वचितच निघाले. हिंदी घरांतील त्याच वयाच्या बालकांना तो कळत होता. म्हणजे प्रत्येक मूल सर्व भाषांचे कान घेऊन जन्मते आणि वर्षाच्या आत आपल्या भाषेपुरते ते कान राखते. याच महिन्यांत ऐकण्याच्या भागातील सांध्यांचीही घडामोड चालू असते. तथापि अमुक सांधे गेले म्हणून अमुक वर्ण ऐकू येईनासा झाला, असे कोणी दाखविलेले नाही. दोन गोष्टी एकाच काळात घडतात, इतकेच.

हे वाचून महाराष्ट्राबाहेरील मराठी घरात एक भीती सहज उपजते. प्रमाण हिंदीत 'ळ' नाही. 'चार' आणि 'चारा' यांतील दोन निराळे 'च'ही तेथे नाहीत. मग शेजारची व शाळेची भाषा सक्रिय डोळ्याप्रमाणे घरच्या भाषेची जागा बळकावील काय? ही उपमा मला फसवी वाटते. दोन डोळे एकाच पेशीवर हक्क सांगतात. दोन भाषांच्या बाबतीत तसे नाही, आणि दोन भाषांत वाढलेली असंख्य मुले दोन्हींचे वर्ण नीट उच्चारतात. घरची भाषा कानावर पडत राहते की नाही आणि कोणाच्या तोंडून पडते, याला येथे महत्त्व आहे. पॅट्रिशिया कुल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बालकांना चिनी भाषेच्या बारा बैठका दिल्या. समोर बसून खेळत, वाचत चिनी बोलणारी माणसे ज्यांना लाभली, त्या बालकांना चिनी वर्णांतील भेद कळू लागला. तीच माणसे, तेच बोलणे ज्यांना चित्रफितीतून दाखविले किंवा नुसते ध्वनिफितीवर ऐकविले, त्यांना काहीच लाभ झाला नाही.

आणि जी भाषा कानावरून पूर्णपणे गेली तिचे काय? कोरियात जन्मून तीन ते आठ वर्षांच्या वयात फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या प्रौढांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना कोरियन वाक्ये ओळखता आली नाहीत, आणि त्यांच्या मेंदूच्या चित्रांतही कोरियनची काही वेगळी खूण उमटली नाही. सर्व पुसले गेले, असा निष्कर्ष तेव्हा निघाला. २०१४ मध्ये माँट्रियल येथे चीनमधून तान्हेपणी दत्तक आलेल्या, केवळ फ्रेंच बोलणाऱ्या ९ ते १७ वर्षांच्या मुलींना चिनी सूर ऐकविले गेले. चिनी भाषेचा एक शब्द त्यांना आठवत नव्हता; पण त्या सुरांना त्यांच्या मेंदूचा डावा भाग चिनी भाषकांप्रमाणेच उत्तर देत होता. ज्या फ्रेंच मुलींनी चिनी कधीच ऐकली नव्हती त्यांच्यात तसे झाले नाही.

यानंतर २०१७ मध्ये नेदरलँड्समधील कोरियन दत्तक प्रौढांना कोरियन व्यंजने शिकविण्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला. आरंभी ते इतर डच माणसांहून काही वेगळे नव्हते. ती भाषा त्यांनाही तितकीच परकी होती. पण दहा-बारा दिवसांच्या सरावानंतर त्यांचे उच्चार इतरांपेक्षा चांगले ठरले. त्यांतील निम्मे जण दीड वर्षाच्या आसपास किंवा त्यानंतर मायदेश सोडून आलेले होते, तर निम्मे तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात, म्हणजे एकही शब्द उच्चारण्यापूर्वी. या दोन गटांत फरक आढळला नाही.